तंजावरची समुद्रगाय आणि पाण्याखालचा आवाज

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो. त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत, पाल्क उपसागरात, समुद्रगाय सागरी गवतावर जगते. तिच्यासाठी तामिळनाडू शासनाने २०२२ मध्ये तंजावर-पुदुकोट्टै किनाऱ्यापाशी ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित केले.

तेलाच्या शोधासाठी समुद्रात एअरगनमधून दाबाखालील हवा काही सेकंदांच्या अंतराने सोडतात. तो आवाज पाण्यात दूरवर पोहोचतो. समुद्रगाय काही वर्षांतून एकाच पिलाला जन्म देते. झालेली हानी लवकर भरून निघत नाही. म्हणून अशा सर्वेक्षणाआधी, त्यादरम्यान व नंतरही पाण्याखालील ध्वनिग्राहकांनी नोंदी घ्याव्यात. प्राणी जवळ आढळताच काम थांबवावे. हा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात धरला नाही, तर तो समाजाच्या माथी पडतो.