टायपिंग, मनगट आणि पाच मिनिटांची सुट्टी

(निगडी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. तळवड्यात नोकरी करतो आणि दिवसातले आठ-नऊ तास कीबोर्डवर असतो. मला आज बोलावलं त्याचं कारण असं की गेल्या काही महिन्यांत आपल्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदारयादीतल्या नावांच्या दुरुस्त्या, माहिती अधिकाराचे अर्ज, हे सगळं टाइप करणाऱ्या चार-पाच मुली आहेत, आणि त्यातल्या दोघींच्या मनगटाला आता पट्टा आहे. दोघी दिवसा दुसरीकडे डेटा एंट्री करतात आणि संध्याकाळी इथे येऊन आपलं काम करतात. चळवळीचं काम फुकट असतं, पण हाताला ते कळत नाही. हात फक्त किती वेळा दाबलं तेवढंच मोजतो.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. तीन बाजूंनी हाडांची कमान आणि तळहाताच्या बाजूला एक जाड, चिवट पट्टा. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या जातात, डॉक्टर त्यांना कंडरा म्हणतात, आणि त्यांच्यासोबत एक नस. दोऱ्यांभोवतीचं आवरण सुजलं की जागा कमी पडते आणि दबते ती नस. मग अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. बहुतेक वेळा रात्री. माणूस झोपेतून उठून हात झटकतो. करंगळीला मुंग्या येत असतील तर तो सहसा या बोगद्याचा त्रास नसतो. ती नस वेगळी, ती कोपरामागून जाते, आणि कोपर दुमडून तासभर मोबाइल कानाशी धरणाऱ्यांना ती त्रास देते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर ते तिसरंच दुखणं. हे एवढ्यासाठी सांगितलं की ‘हात दुखतो’ एवढंच सांगून डॉक्टरांकडे जाऊ नका. कुठलं बोट, किती वाजता, काय करताना, हे लिहून न्या. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांतही हा बोगदा दाटतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास जास्त होतो. तेव्हा साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळा दोष कीबोर्डवर टाकून मोकळं होऊ नका.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नस दबण्याचा संबंध जोर लावून केलेल्या कामाशी आणि थरथरणाऱ्या हत्यारांशी जितका पक्का दिसला आहे, तितका टायपिंगशी दिसलेला नाही. टायपिंग करणाऱ्यांचं दुखणं पुष्कळदा दोऱ्यांचं, स्नायूंचं, मानेपासून खाली उतरणारं असतं. तेही खरंच दुखणं आहे. फक्त त्याचं ऑपरेशन नसतं.

हा आजार कॉम्प्युटरने आणलेला नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, पुढे त्यात भर घातली, आणि त्यात कारकुनांच्या हाताबद्दल लिहिलं. कारणं त्यांनी तीन दिली: सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षं झाली, यादी फारशी बदललेली नाही. यातल्या पहिल्या दोन कारणांवर सॉफ्टवेअर थोडंफार काम करतं. तिसऱ्यावर करत नाही. त्याकडे मी नंतर येतो.

आता सॉफ्टवेअर. मी वापरतो ते ‘वर्करेव्ह’. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं, त्याचं चिन्ह एक मेंढी आहे. ते कसं चालतं हे समजून घ्या, कारण मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावणं आणि हे यांत मोठा फरक आहे. गजर घड्याळ मोजतो. तुम्ही वीस मिनिटं फोनवर बोलत होतात, हात रिकामे होते, तरी गजर वाजतोच. दोन दिवसांत माणूस त्याला कंटाळतो आणि बंद करतो. वर्करेव्ह कीबोर्ड आणि माउसची हालचाल मोजतं. तुम्ही आपणहून दहा मिनिटं उठून गेलात तर ती सुट्टी ते जमेला धरतं आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला ते टोकत नाही.

त्यात तीन घड्याळं असतात. मूळ मांडणीत दर ३ मिनिटांच्या कामानंतर ३० सेकंदांचा थांबा, दर ४५ मिनिटांनंतर १० मिनिटांची विश्रांती, आणि दिवसाला ४ तासांची मर्यादा. चार तास ऐकून हसू नका. ते चार तास खुर्चीवर बसण्याचे नाहीत, हात प्रत्यक्ष चालण्याचे आहेत. तरीही सुरुवातीला तीन मिनिटांचा थांबा कुणालाच झेपत नाही. तो दहा मिनिटांवर न्या, थांबा वीस सेकंदांचा ठेवा. ‘स्ट्रेचली’ नावाचं दुसरं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याची मूळ मांडणीच तशी आहे: दर १० मिनिटांनी २० सेकंद आणि दर अर्ध्या तासाने ५ मिनिटं. ते मॅकवरही चालतं.

प्रत्येकात ‘वगळा’ असं एक बटण असतं. वगळण्याची सोय बंदही करता येते, म्हणजे स्क्रीन अडवलीच जाते. काही मित्र म्हणतात की तसंच करा, माणूस स्वतःवर विश्वास ठेवण्यासारखा प्राणी नाही. माझं मत उलटं आहे. ज्याची स्क्रीन ग्राहकाशी बोलताना मधेच अडते, तो संध्याकाळपर्यंत ते सॉफ्टवेअर काढून टाकतो. बटण राहू द्या आणि आठवड्याच्या शेवटी आकडे पाहा. वर्करेव्ह किती थांबे सुचवले, किती घेतले, किती वगळले याची नोंद ठेवतं. शुक्रवारी दुपारीच सगळे थांबे वगळले जात असतील तर प्रश्न मनगटाचा नाही, शुक्रवार संध्याकाळच्या डेडलाइनचा आहे.

थांब्यात काय करायचं? हात मांडीवर सोडायचे, बस्स. खिशातून मोबाइल काढून अंगठ्याने टाइप करायचं नाही. कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही विश्रांती घेताय, आणि अंगठा तर मघापेक्षा जास्त राबत असतो. घरचं कामही हे सॉफ्टवेअर मोजत नाही. नऊ तास टायपिंग करून आलेली बाई कणिक मळते, वीस चपात्या लाटते, कपडे पिळते. मनगटाला सगळ्यात जास्त पीळ त्या कपड्यांनीच पडतो. तिच्या लॅपटॉपवर कितीही मेंढ्या बसवल्या तरी घरातल्या दुसऱ्या कुणी ते कपडे पिळले नाहीत तर उपयोग अर्धाच.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला आहेत, त्यामुळे काम दोन्ही हातांत वाटलं जातं, ही त्याची चांगली बाजू. पण ख, घ, छ, झ अशी अक्षरं शिफ्ट दाबून येतात, आणि बहुतेक जण एकाच करंगळीने शिफ्ट दाबतात आणि त्याच हाताचं दुसरं बोट ताणून अक्षर गाठतात. अक्षर उजव्या हाताचं असेल तर शिफ्ट डाव्या हाताचा, हे सरकारी टायपिंग परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवतात. ज्यांनी तो क्लास केला नाही त्यांनी एवढं तरी उचलावं. कीबोर्डचे मागचे दोन पाय मिटून ठेवा, ते उघडले की मनगट वर वाकतं. लॅपटॉप दिवाणावर ठेवून काम करणाऱ्यांचं मनगट त्याच्या कडेवर टेकतं, ते टाळा. लांब मजकूर असेल तर मराठीत बोलून टाइप करायची सोय आता फोनवर आणि कॉम्प्युटरवर आहे. जोडाक्षरं चुकतात, नंतर दुरुस्त करावी लागतात, पण अर्धं टायपिंग वाचतं.

याने खरंच फरक पडतो का? हॉलंडमधला, २००३ साली छापला गेलेला एक अभ्यास आहे. मान आणि हात दुखणाऱ्या २६८ कर्मचाऱ्यांचे गट पाडून काहींना ८ आठवडे असं सॉफ्टवेअर दिलं. बरं वाटलं असं सांगणारे सॉफ्टवेअरवाल्यांत जास्त निघाले, पण दुखण्याची तीव्रता आणि वारंवारता मोजली तेव्हा गटांत ठळक फरक दिसला नाही. थांब्यात व्यायाम केल्याने वेगळा फायदाही दिसला नाही. म्हणजे हे औषध नाही. दुसरा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. अमेरिकेतल्या प्राप्तिकर खात्यात डेटा एंट्री करणाऱ्या ४२ जणांना रोजच्या १५ मिनिटांच्या दोन सुट्ट्यांखेरीज, ज्या तासात सुट्टी नव्हती त्या प्रत्येक तासात ५ मिनिटं दिली. दिवसाला २० मिनिटं जास्त. हातांचा आणि डोळ्यांचा त्रास कमी झाला, आणि दिवसभराचं काम घटलं नाही. इथे सुट्टी सॉफ्टवेअरने सुचवलेली नव्हती. व्यवस्थापनाने दिलेली होती.

मुद्दा हाच आहे. आठवण करून देणं आणि परवानगी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर टाकायचा अधिकार आपल्याकडे नसतो. उलट बऱ्याच ठिकाणी दुसरंच सॉफ्टवेअर आधीपासून असतं, तेही कीबोर्ड आणि माउसची हालचाल मोजतं, आणि पाच मिनिटं हालचाल झाली नाही की तुमच्या नावापुढे ‘निष्क्रिय’ असं लिहितं. मोजणी तीच. एक आकडा माणसाला म्हणतो, आता थांब. दुसरा त्याच्या वरिष्ठाला सांगतो, हा थांबला होता. रामाझ्झिनींचं तिसरं कारण, मनावरचा ताण, ते इथे आहे. आपल्या त्या दोघींपैकी एकीला दर फॉर्ममागे पैसे मिळतात. तिला तीस सेकंद थांब म्हणणं म्हणजे तीस सेकंदांचे पैसे सोड म्हणणं आहे.

माझे अब्बा भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालवायचे. कंपनीचं नाव घेत नाही. रात्री उठून हात झटकणं मी लहानपणी त्यांच्याकडून पाहिलं, ते काय होतं हे इंजिनीअर झाल्यावर कळलं. शेवटी बोगद्यावरचा तो पट्टा कापून नस मोकळी करावी लागली. मालकाने याला घरचं दुखणं ठरवलं, सुट्टीचा पगार कापला. ग्राइंडरला मेंढी नसते. चाकणच्या असेंब्ली लाइनवर नटरनर धरून उभ्या असलेल्या मुलालाही नसते. तिथे गाडी पुढे सरकली की सरकली. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग ५ तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती, २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही मुळात तेच होतं, म्हणजे आयटीवाल्यांनाही ते लागू होतं. त्यापेक्षा छोट्या, दर तासाच्या सुट्टीबद्दल तिथे काही नाही. युरोपात स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी १९९० पासून निर्देश आहे की कामाच्या आखणीतच अधूनमधून थांबे किंवा कामात बदल हवा. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि मोठ्या आस्थापनांतली ९ वरून १० तासांवर न्यायला मान्यता दिली. वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच.

म्हणून मी दोन पत्रं तयार करून आणली आहेत. एक ऑफिसच्या एचआरला द्यायचं. त्यात मागण्या तीनच: थांब्याची आठवण देणारं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी, तासाला ५ मिनिटं हालचाल नसली तरी ती कामाची वेळ धरणं, आणि हात दुखत असल्याची तक्रार लेखी नोंदवून घेणं. अमेरिकेतला तो ४२ जणांचा अभ्यास त्यात दोन ओळींत लिहिला आहे, काम घटत नाही हे वाचल्याशिवाय व्यवस्थापक पुढे वाचत नाहीत. एकट्याने देऊ नका, टीममधल्या चौघांच्या सह्या घ्या. दुसरं पत्र आपल्यासाठीच आहे. आपल्या केंद्रावर एकीने सलग पाऊण तासापेक्षा जास्त टाइप करायचं नाही, अर्ज भरायला येणाऱ्या तरुणांपैकी ज्याला टाइप येतं त्याने स्वतःचा अर्ज स्वतः टाइप करायचा, आणि ज्या दोघींना पट्टा आहे त्यांनी पुढचे सहा आठवडे फक्त कागद तपासायचे. यावर आज निर्णय घ्यावा अशी विनंती आहे. टायपिंगसाठी माझं नाव मंगळवार आणि शनिवार संध्याकाळी लिहून घ्या.

वर्करेव्ह आणि स्ट्रेचली मी पेनड्राइव्हवर आणलं आहे. ज्यांनी स्वतःचे लॅपटॉप आणले आहेत त्यांनी चहानंतर मागच्या टेबलापाशी या, मांडणी बदलून देतो. ऑफिसचे लॅपटॉप असतील तर आज हात लावणार नाही, आधी पत्र द्या.