शब्दांचे शेजारी
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार आपण सर्वजण वापरतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या हुकुमाचे 'मारावे' केले गेले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका अक्षराने केवढा अनर्थ होतो हे मराठी माणसाने त्यातून ध्यानात ठेवले.

तेथे अक्षर मुद्दाम बदलले गेले. वर्गात मात्र मुलाचे डोळे नकळत तेच करतात. पुस्तकात 'घडा' असतो, मूल 'धडा' वाचते. आपण म्हणतो, लक्ष नाही. मानसशास्त्र निराळे सांगते. शब्द दिसताच तो एकटाच मनात जागा होत नाही. त्याच्यासारखे दिसणारे शेजारीही जागे होतात. 'गाव' पाहताच नाव, भाव, डाव, घाव दाराशी येतात. त्यांतून एक निवडायचा असतो. शेजारी अधिक रुळलेला असेल तर निवड लांबते, कधी चुकते. शाळेत 'धडा' रोजचा, 'घडा' क्वचितचा!

मॅक्स कोल्थार्ट व सहकाऱ्यांनी १९७७ साली इंग्रजीत असे शेजारी मोजले. अर्थहीन अक्षरजुळणीलाही पुष्कळ शेजारी असले, तर 'हा शब्दच नव्हे' असे म्हणायला वाचकाला अधिक वेळ लागतो, असे त्यांना आढळले. हे वाचक प्रौढ होते. मग नुकते वाचू लागलेल्या मुलाचे काय?

आपल्यापैकी पुष्कळ घरांत उर्दूही वाचली जाते. उर्दूत 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा. देवनागरीत तसेच काम अनुस्वार करतो : रग आणि रंग, पत आणि पंत. आपल्या पौडावर टिंब पडले की 'पौंड' होतो! दोन लिप्या शिकणारे मूल असे दुहेरी ओझे वाहते, हे विसरू नये.

उपाय साधा आहे. अशा जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात, फरकाचे अक्षर रंगीत खडूने काढावे आणि प्रत्येक शब्द वाक्यात वाचून घ्यावा. 'आईने घडा भरून आणला' या वाक्यात 'धडा' टिकत नाही. अर्थच त्याला बाहेर काढतो.

चुकलेल्या मुलाला 'मठ्ठ' म्हटले तर ते अक्षर सुधारत नाही, पुस्तक मिटते. त्याला क्षणभर थांबू द्या, पुन्हा पाहू द्या. एवढीच विनंती.