कोलाडचा फाटा आणि औषधांची बॅग

मुंबई-गोवा महामार्गावर कोलाडला उजवीकडे वळलं की धाटाववरून रोहा. सरळ गेलं की इंदापूर, माणगाव. पेण-पनवेलहून निघालेल्या औषध कंपनीच्या एमआरला, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधीला, इथे दिवसाची वाट ठरवावी लागते. सकाळी दवाखाने, दुपारी ते बंद झाले की केमिस्टकडे कोणता माल उठला याची विचारपूस, संध्याकाळी पुन्हा डॉक्टरांच्या दारातलं बाकडं. आधी पेशंट, मग एमआर, हे योग्यच. पण दोन मिनिटांच्या बोलण्यासाठी तासभर बसणंही कामच आहे, हे मालकांनी मानायला हवं. पावसाळ्यात तर बाइकवर स्वतः भिजायचं, सॅम्पलची बॅग मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळायची.

या लोकांसाठी संसदेने १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचारी कायदा केला. त्याने लेखी नेमणूकपत्र सक्तीचं केलं. अकरा दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, अठरा दिवसांच्या सेवेमागे एक दिवस निम्म्या पगाराची आजारपणाची रजा दिली.

या कामाला नव्याने लागणाऱ्या मुलामुलींनो, नेमणूकपत्रात मुख्यालय कोणतं, मुक्कामाचा भत्ता किती, हे वाचल्याशिवाय सही करू नका.