धावदोरा आणि मारुतीची दारं

संयोजकांनी बजावलंय, नोकरीबद्दल बोलू नकोस, ते कुणाला कळत नाही. म्हणून दारांबद्दल बोलते.

आमची लाल मारुती ८०० आठवते ना? दहावीच्या परीक्षेला तिच्या मागच्या सीटवर आपण पाच जणी कोंबून जायचो आणि बाबा प्रत्येक दार स्वतः लावायचे. २०१४ साली कंपनीने ती गाडी बनवणं बंद केलं, आमची अजून आहे. गेल्या वर्षी ती रंगवायला काढली. पेंटरने दारं, काचा, रबरं उतरवून छान रंग दिला आणि जोडायच्या आधी गावी गेला, तो आलाच नाही. त्याच महिन्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, शब्द अडखळायला लागले. चार दारं गोधड्यांत गुंडाळून पडवीत उभी, सगळे बोल्ट एका पिशवीत, आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसलेले.

म्हटलं, मीच जोडते. ऑफिसात सगळ्यांना बॅकअप घ्या म्हणून ओरडणाऱ्या बाईने दारं उतरवण्याआधी एक फोटोही काढला नव्हता!

पहिल्या शनिवारी पुढचं दार बसवून बोल्ट करकचून आवळले. मग मागचं लावलं, तर मधली फट वर बोटभर आणि खाली कडेला कड घासतेय. नव्या रंगाचा टवका उडाला. बाबा काही न बोलता आत गेले. ते फार लागलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी डाव्या हाताने मागचं दार दाखवलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला, तो हलायचा नाही. म्हणून आधी मागचं दार त्याला जुळवायचं, मग पुढचं दार मागच्याला, आणि शेवटी मडगार्ड पुढच्या दाराला, कारण ते बोल्टवर असतं, थोडं सरकतं. खांबावरचा खटका, ज्यात कुलूप अडकतं, तो तोवर काढून ठेवायचा. नाहीतर तो दार ओढून घेतो आणि बिजागरीची चूक लपते. दाराखाली जॅक, त्यावर ठोकळा आणि चादर, कडांना चिकटपट्टी, आणि बोल्ट नुसते अडकवलेले.

इथे शिवणाच्या बाई आठवल्या. मुलगे सुतारकामाला आणि आम्ही शिवणाला, याचा मला तेव्हा राग होता, अजून थोडा आहे. पण बाई, आधी धावदोरा, मग पक्की शिवण, हे तुम्हीच शिकवलंत. चारही बाजूंची फट सारखी दिसेपर्यंत मी धावदोराच घालत होते.

काचेचंही तेच. तिचे बोल्ट सैल ठेवून काच पूर्ण वर न्यायची, ती चॅनेलमध्ये सरळ बसली की आवळायचे. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं रंगाने बुजली होती, ती मोकळी केली. नाहीतर दार आतून गंजलं असतं.

नव्या रबरामुळे दार जड लागायला लागलं. मी खटका बाहेर सरकवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थां...ब." दारात वहीचा कागद धरायला लावला. कागद सगळीकडे सारखा अडकत होता, म्हणजे रबर दबायला थोडे दिवस हवेत, एवढंच. मग डोळे मिटून म्हणाले, "लाव." मी लावलं. "परत." किती वेळा लावलं कोण जाणे. शेवटी म्हणाले, "चावी."

ते आज आलेत, बाहेर गाडीतच बसलेत. डाव्या मागच्या दाराची फट खाली जराशी जास्त आहे, मला माहीत आहे. बघायला या, पण दार आपटू नका.