विजेची उसळी व घरचा बंदोबस्त

वैशाख सरत आला कीं नांदेड-लातूरकडे दुपार टळतां टळतां आकाशाचा रंग पालटूं लागतो. दिवसभर तापलेली हवा वर चढते, बालाघाटाच्या माथ्यावर काळे ढग उभे राहतात, आणि मृगाची वाट न पाहतां वळीव येऊन आदळतो. पंधरावीस मिनिटें वारा, टपोरे थेंब व कडकडाट. मग ओल्या मातीचा वास. पाऊस गेल्यावर घरांतील मंडळी दिवे लावावयास जातात. दिवे लागतात, पंखाही फिरतो. परंतु दूरचित्रवाणीचा पडदा काळाच राहतो, इंटरनेटची पेटी मुकी झालेली असते, आणि फ्रिजची घरघर ऐकूं येत नाहीं. वीज घरावर पडलेली नसते. आळींत कोणीं ती पडतांना पाहिलेलीही नसते. मग हें झालें कसें?

या प्रश्नाचें उत्तर तारांत आहे. आकाशांतील विजेचा प्रवाह सामान्यतः तीस हजार अँपिअरच्या आसपास असतो. घरांतील मोठ्या प्लगाची मर्यादा अवघी १६ अँपिअरची. एवढा प्रवाह कांहीं शें मीटरांवरील झाडांत वा शेतांत उतरला, तरी त्याच्या भोंवतीं उत्पन्न होणारें चुंबकीय क्षेत्र जवळून जाणाऱ्या तारांत दाब निर्माण करतें. तो दाब खांबाखांबावरून धांवत घरांत शिरतो. त्याचा अवधि किती? सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील फार तर शेंपन्नास भाग. परंतु तेवढ्यांत २३० व्होल्टांच्या जागीं कांहीं हजार व्होल्ट उभे राहतात. सुमारें सहा हजारांच्या पुढें हा दाब बटनांच्या व प्लगांच्या फटींतून स्वतःच ठिणगी टाकून ओसरतो, म्हणून त्याहून अधिक सहसा आंत पोंचत नाहीं. घरगुती उपकरणें मात्र आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणें अडीच हजार व्होल्टांपर्यंतचाच असा धक्का सोसण्यासाठीं बनविलेलीं असतात. अडीच आणि सहा यांच्या मधली ही दरी हीच सारी अडचण होय. याखेरीज विंधनविहिरीची मोटार बंद होतांना, वा शेजारच्या कारखान्यांतील यंत्र थांबतांना, लहान उसळ्या वर्षभर चालूच असतात. त्या एका फटक्यांत कांहीं जाळीत नाहींत. परंतु नाजूक मंडलें हळूहळू जीर्ण करतात.

उपाय मूळ कल्पनेंत जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिन यांनीं इमारतीच्या शिखरावर टोकदार सळई उभारून ती जमिनींत नेण्याची युक्ति सुचविली. विजेला अडवावयाचें नाहीं, तिला वाट करून द्यावयाची, हें तिचें मर्म. सर्ज प्रोटेक्टर म्हणून जी लहान पेटी बाजारांत मिळते, तीही हेंच करते. तिच्या पोटांत झिंक ऑक्साइडची, म्हणजे जस्ताच्या भस्माची, भाजून कठीण केलेली एक चकती असते. नेहमींच्या दाबाला ती जवळजवळ दगडासारखी बंद असते. दाब एका मर्यादेपलीकडे चढला कीं ती क्षणार्धांत वाहती होते, उसळीचा प्रवाह न्यूट्रलमध्यें वा जमिनींत लोटून देते, आणि उसळी ओसरतांच पुन्हां बंद होते. १९६० नंतरच्या दशकांत जपानांतील मात्सुशिता कंपनीच्या संशोधकांनीं हा गुण व्यवहारांत आणला.

घरोघरीं एक समजूत आढळते कीं, स्टॅबिलायझर आहे, फ्यूज आहे, मग निराळें साधन कशास? फ्यूजची तार तापून वितळावयास वेळ लागतो. उसळी तोंपर्यंत आपलें काम उरकून गेलेली असते. स्टॅबिलायझरमधील रिले सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावयाच्या गतीनें हलतो, आणि उसळी दहा लक्षांशांत. जी पांढरी पट्टी 'स्पाइक गार्ड' या नांवानें दुकानांत टांगलेली असते, तिच्यांतही पुष्कळदां चार प्लग आणि एक लाल बटन यांपलीकडे कांहीं नसतें. वेष्टनावर उसळीचा प्रवाह किती किलोअँपिअर व मर्यादित केलेला दाब किती, हें छापलेलें नसेल, तर ती केवळ लांब केलेली तार समजावी.

परंतु उत्तमांतलें उत्तम साधन आणलें, तरी उसळी लोटावयाची ती जमीन कशी आहे? येथें मराठवाड्याची गोष्ट इतर प्रांतांहून निराळी होते. वर काळी माती, खालीं बेसाल्टचा कातळ. काळी माती ओली असतां विजेला चांगली वाट देते. पण उन्हाळ्यांत ती आकसते, तिला हातहात भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या पत्र्याभोंवतीं किंवा नळीभोंवतीं पोकळी उत्पन्न होते. कातळ तर बोलून चालून कोरडा. नदीकांठच्या गाळवट जागेंत ओल खोलवर टिकते. पठारावरील लातुरांत ती सोय नाहीं. म्हणजे वर्षांतील पहिला गडगडाट नेमका अशा वेळीं येतो, जेव्हां घराचें अर्थिंग सर्वांत दुबळें असतें. घर बांधतांना कोळसा व मीठ घालून भरलेला खड्डा पुढें दहा वर्षें कोणी उघडून पाहत नाहीं. कित्येक घरांत त्यावर फरशी बसविली जाते, आणि तो कोठें होता हेंही विस्मरणांत जातें.

उन्हाळ्यांत त्या खड्ड्यांत आठवड्यास बादलीभर पाणी ओतावें, असें जाणते वायरमन सांगतात. हें सांगणें सोपें आहे. २०१६ च्या एप्रिलमध्यें ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें पिण्याच्या पाण्याची बादली जमिनींत ओता म्हणणें क्रूरपणाचें ठरलें असतें. पण त्यास पिण्याचें पाणी लागतच नाहीं. भांडीं विसळलेलें पाणी चालतें; कूलरच्या टाकीच्या तळाशीं उरलेलें क्षारट पाणी तर विशेष चांगलें, कारण क्षारांनीं मातीची वाहकता वाढते.

जोडणीच्या तारेची लांबी हाही दुर्लक्षिला जाणारा विषय आहे. मुख्य बोर्डाजवळ बसविलेल्या सर्ज प्रोटेक्टरच्या तारा सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आंत असाव्या, असें मानक सांगतें. उसळीचा प्रवाह सेकंदाच्या दहा लक्षांशांत एक हजार अँपिअरनें वाढत असतां एक मीटर सरळ तारेंत सुमारें एक हजार व्होल्टांचा दाब निर्माण होतो. तेव्हां सुबक दिसावी म्हणून तार वळसे घालून नेणारा कारागीर त्या साधनाचें निम्में मोल घालवितो. तसेंच केबलची, डिशची व टेलिफोनची तार विजेच्या अर्थिंगलाच जोडलेली असावी. दोन निराळे खड्डे असले, तर उसळीच्या वेळीं त्यांच्या दाबांतील फरक मधल्या दूरचित्रवाणीला सोसावा लागतो.

आतां एका निराळ्या संकटाकडे वळलें पाहिजे; उसळी व हें संकट यांची गल्लत फार होते. रस्त्यावरील वाहिनींत तीन फेज व एक न्यूट्रल असतो. न्यूट्रल तुटला किंवा त्याचा सांधा सैल झाला, तर एखाद्या घरांत २३० ऐवजीं ३०० च्या वर, प्रसंगीं ४०० च्या जवळपास व्होल्ट येतात, आणि ते क्षणभर नव्हे तर मिनिटेंच्या मिनिटें राहतात. झिंक ऑक्साइडची चकती बहुधा २७५ व्होल्टांसाठीं घडविलेली असते. असा दीर्घ दाब आला कीं ती सतत वाहूं लागते, तापते, आणि आंत उष्णतेनें तुटणारी व्यवस्था नसल्यास पेट घेते. या संकटासाठीं दाब वाढतांच सर्व पुरवठा तोडणारें स्वतंत्र साधन मिळतें. तें असल्यावांचून केवळ सर्ज प्रोटेक्टरवर विसंबणें धोक्याचें आहे.

चाकांवरच्या घराला ही गोष्ट अधिकच लागू पडते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हान पर्यटनाचें धोरण मंजूर केल्यापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे. प्रवास नसतां गाडी अंगणांत उभी राहते, आणि तिची बॅटरी भरण्यासाठीं वा वातानुकूलन चालविण्यासाठीं स्वयंपाकघरांतील प्लगापासून तार ओढली जाते. एक चौरस मिलिमीटरची बारीक तार पंचवीस मीटर नेली आणि तेरा अँपिअर घेतले, तर बारा व्होल्ट वाटेंतच जातात. भेंडोळें न सोडतां वापरली, तर ती आंतून तापते. तथापि मुख्य भय त्याहून मोठें आहे. गाडी रबराच्या चाकांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. तिसऱ्या पिनेची तार कोठें तुटली असेल आणि आंत गळती झाली, तर गाडीचें सारें धातूचें अंग प्रवाहित होतें, व पावसांत भिजलेल्या अंगणांत अनवाणी उभें राहून दार उघडणारें मूल त्या प्रवाहाची वाट बनतें. सर्ज प्रोटेक्टर येथें कांहींच करूं शकत नाहीं. तें काम तीस मिलिअँपिअरच्या आर. सी. सी. बी. चें आहे, आणि गाडीची तार ज्या प्लगांत घालावयाची, त्या प्लगावर ती असलीच पाहिजे. विजेच्या मोटारी घरीं भरणाऱ्यांसही हेंच लागू.

वादळ येण्यापूर्वीं गाडीची तार व नाजूक उपकरणांचे प्लग उपसून ठेवणें हा अद्यापही सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचें 'दामिनी' हें मोबाइलवरील साधन जवळ वीज पडत असल्याची सूचना देतें, तिचा यासाठीं चांगला उपयोग होतो. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र प्लगांना हात लावूं नये. दूरचित्रवाणी गेली तर जाऊं द्यावी.

सर्ज प्रोटेक्टरवर एक लहान दिवा असतो. चकती निकामी झाली कीं तो विझतो किंवा रंग बदलतो. पण पेटी पुढेंही वीज देत राहते, म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो दिवा आणि अर्थिंग हीं दोन्हीं एकाच खेपेस तपासून घ्यावीं. माहितगार वायरमन फेज व तिसरी पिन यांच्यामध्यें साठ वॉटचा दिवा लावून पाहतो. आर. सी. सी. बी. असेल तर ती त्याच क्षणीं खालीं पडते, व तें शुभचिन्हच समजावें. नसेल तर दिवा नेहमींसारखा लखलखीत लागला पाहिजे. तो मंद लागला, किंवा लागलाच नाहीं, तर खड्डा उकरावयास माणूस बोलवावा, आणि तो वळिवाआधीं.