वस्तीची सुधारणा, वस्तीच्या हातांनी



वस्तीची सुधारणा म्हटली की रस्ते व दिवे प्रथम आठवतात. परंतु दाटीने वसलेल्या झोपडपट्टीत स्त्रीची प्रतिष्ठा शौचालयाच्या दाराशी पणाला लागलेली असते. अंधार पडण्याची वाट पाहत दिवस काढणे, हा कित्येक भगिनींचा नित्यक्रम होता.

पूर्वी ठेकेदार शौचालय बांधून निघून जाई. पाणी नसे, देखभालीला कोणी नसे. अल्पावधीतच ते निकामी होई. १९९९ मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कारकिर्दीत पुणे महानगरपालिकेने ही रीत बदलली. बांधकामाचा खर्च पालिकेने उचलला. बांधकाम आणि देखभाल स्वयंसेवी संस्थांकडे व रहिवाशांकडे सोपविली. ‘स्पार्क’, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि ‘महिला मिलन’ यांचा त्यात मोठा वाटा होता. २००१ पर्यंत शहरात ४०० हून अधिक शौचालये उभी राहिली.

आराखड्यात स्त्रियांचा अनुभव उतरला. स्त्री-पुरुषांसाठी प्रवेश वेगळे झाले. रांगेत मोठी माणसे मुलांना मागे सारीत, म्हणून मुलांसाठी निराळ्या लहान बैठका आल्या. राखणदाराला तेथेच राहण्यासाठी खोली मिळाली. कुटुंबांच्या मासिक वर्गणीतून देखभालीचा खर्च भागविण्याची योजना होती. काही महिलांनी तर बांधकामाची कंत्राटेही घेतली.

वर्गणी थकली की सफाई थांबते, हे खरे. म्हणूनच उद्घाटनानंतरची जागरूकता अधिक मोलाची. पालिकेने दिलेली वास्तू पालिकेची राहते. स्वतः आखलेली आणि राखलेली वास्तू वस्तीची होते.