घडीची करवत घेताना



आज आम्ही एका साध्या हत्याराविषयी चार शब्द सांगणार आहोत. चाकूसारखी मिटणारी, पिशवीत मावणारी करवत आता बाजारात मिळते. बागेतली फांदी छाटायला, कुंपणाच्या काठ्या कापायला, रानात मुक्काम पडला तर चुलीपुरते वाळके लाकूड तोडायला ती फार सोयीची. पण घेताना दुकानदार रंग दाखवील. आपण काम पाहावे.

पहिला पाहायचा तो खटका. करवत उघडली की पाते खटक्यात पक्के बसले पाहिजे. मग पात्याची पाठ, म्हणजे दाते नसलेली बाजू, फळीवर टेकवून दाबून पाहा. पाते मिटू लागले, तर ती करवत फुकट मिळाली तरी घेऊ नका. का? काम करताना पाते लाकडात अडकते, आपण हिसका देतो, कच्चा खटका सुटतो आणि दाते थेट बोटांवर येतात. ज्याचे पोट हातावर, त्याची बोटे गेली तर घरची चूल थंडावते. चार पैसे वाचवून ही जोखीम घ्यावी का, तुम्हीच सांगा.

दुसरे दाते. पट्टी लावून एका इंचात किती दाते आहेत ते मोजा. ओल्या फांदीला पाच-सहा मोठे दाते बरे. त्यांत भुसा अडकत नाही. वाळक्या लाकडाला आणि बांबूला आठ-दहा बारीक दाते चांगले. दोन्ही कामे असतील तर सात घ्या.

तिसरी लांबी. फांदीच्या जाडीच्या दुप्पट तरी पाते हवे. सात इंची पात्याने तीन इंची फांदी आरामात कापते.

चौथे, दात्यांची टोके निळसर काळी दिसली तर ती कडक केलेली असतात. ती पुष्कळ दिवस टिकतात, पण बोथट झाल्यावर त्यांना कानस चालत नाही. म्हणून सुटे पाते मिळते का, हे आधीच विचारून ठेवा.

आता वापराचे. या करवतीचे दाते बहुधा ओढताना कापतात. तेव्हा ओढताना जोर द्या, ढकलताना हात सैल सोडा. नाहीतर पातळ पाते वाकते. जड फांदीला आधी खालून थोडी खाच घ्या, मग वरून कापा. म्हणजे साल सोलून झाडाला इजा होत नाही. विजेच्या तारेजवळच्या फांदीला मात्र हात लावू नका. वीज कंपनीला कळवा. काम झाले की चीक पुसा, पाते कोरडे करा, तेलाचे बोट फिरवा, आणि करवत मिटून पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

मंडळी, इंचात दाते मोजता आले, वेष्टनावरचा मजकूर वाचता आला, म्हणजे दुकानात कोणी फसवू शकत नाही. शिकलेली अक्षरे अशी रोजच्या कामाला लावा.